अंगात आलं, त्याचं नाव

योरुबा भाषेत प्रार्थनेला 'आदुरा' म्हणतात. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आणि शेजारच्या बेनीनमध्ये ही भाषा बोलली जाते. तिथल्या ज्या चर्चना गेली शंभर वर्षं 'आलादुरा' म्हटलं जातं, त्या नावाचा अर्थ 'प्रार्थनावाले' इतकाच. पण आदुरा हा शब्द मुळातला योरुबा नाही, तो अरबी 'दुआ'वरून आला. ख्रिस्ती मिशनरी त्या मुलखात पोचले त्याच्या कितीतरी आधी इस्लाम पोचला होता. त्यामुळे बायबल योरुबात आणायची वेळ आली तेव्हा धर्मव्यवहाराचे बरेच शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आयते मिळाले. बायबलातल्या संदेष्ट्यालाही योरुबात 'वोली' म्हणतात, म्हणजे आपला वली. मी लखनौला राहते. इथे दुआ भाजीवाल्याच्याही तोंडी असते आणि दर दोन मोहल्ल्यांआड कुणा वलीची मजार असते. त्यामुळे या चर्चविषयी वाचताना मला आफ्रिका फार लांब वाटली नाही.

आधी हे प्रार्थनावाले कोण ते सांगायला हवं. 1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा नायजेरियातल्या इजेबू-ओडे गावच्या अँग्लिकन चर्चमधल्या काही माणसांनी वेगळं प्रार्थनामंडळ काढलं. गोऱ्यांचं औषध चालत नव्हतं, वैदूचंही चालत नव्हतं. त्यांनी दोन्ही सोडली आणि नुसत्या प्रार्थनेवर भिस्त ठेवली. पुढे 1925मध्ये लागोसला मोझेस ओरिमोलादे या फिरत्या उपदेशकाने आणि ख्रिस्तियाना अबिओदुन या तरुण मुलीने 'चेरुबिम आणि सेराफिम' हा पंथ सुरू केला. 1930मध्ये जोसेफ बाबालोला इलेशा गावात उपदेश करू लागला. तो आधी रस्त्यावरचा रोलर चालवायचा. त्याच्या सभांना हजारोंनी लोक येत, मंतरलेल्या पाण्यासाठी भांडी घेऊन रांगा लावत आणि गळ्यातले, घरातले ताईत-गंडे काढून ढिगावर टाकत. 1947मध्ये पोर्तो-नोव्होला सॅम्युएल ओशोफा या सुताराने 'सेलेस्टियल चर्च' स्थापन केलं. तिथे पांढरा झगा घालून, चपला बाहेर काढून आत जातात. आपल्याला यात काही नवल वाटणार नाही. लंडनहून आलेल्या बिशपला वाटलं असेल.

या सगळ्यांच्या आधी, 1913 आणि 1914 या दोन वर्षांत, विल्यम वादे हॅरिस हा लायबेरियाचा ग्रेबो जमातीचा माणूस पांढऱ्या झग्यात, हातात बांबूचा क्रूस घेऊन आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याने अनवाणी चालत गेला. तो म्हणे, जुने देव जाळा आणि बाप्तिस्मा घ्या. लाखभर लोकांनी तसं केलं असं मानतात. फ्रेंच सरकारने त्याला मारहाण करून हद्दपार केलं.

या चर्चमध्ये काय चालतं? पवित्र आत्मा माणसावर उतरतो, माणूस थरथरतो, पडतो, अनोळखी भाषेत बोलतो. कुणाला दृष्टान्त होतो. कुणी दुसऱ्याच्या दुखण्याचं कारण सांगतो. पाणी, तेल, मेणबत्ती, उपास, रात्रीची जागरणं. आणि नेमकं असंच बरंच काही त्यांच्या आज्यांच्या देवळांत, ओरिशांच्या पूजेत चालत असे. तिथेही देवता अंगात येत, उपासक घुमत, आणि दुखण्याचं कारण सांगणारा जाणता असेच.

म्हणून या चर्चवर एक आरोप पहिल्यापासून झाला, आणि तो तीन वेगवेगळ्या तोंडांनी झाला. मिशनरी म्हणाले, हा जुनाच भगत आहे, फक्त झगा नवा. पुढे सहानुभूतीने लिहिणारे अभ्यासक आले. ते म्हणाले, ख्रिस्ती कवचाखाली आफ्रिकी परंपरा टिकून राहिली, छान झालं. आणि आता लागोस-आक्राची झगमगीत नवी पेंटेकोस्टल चर्चं म्हणतात, आलादुरांच्या मेणबत्त्या आणि पाणी म्हणजे सैतानाचीच करणी, त्यांच्यापासून सुटका करून घ्या. त्या सुटकेसाठी ती स्वतः अभिषेकाचं तेल देतात हा भाग वेगळा. एक निंदा करतो, एक कौतुक करतो, एक घाबरवतो, पण तिघांचं म्हणणं एकच: मुळात ते तेच आहे.

ज्याने स्वतःच्या हाताने ताईत तोडून आगीत टाकला तो मात्र म्हणतो, नाही, हे ते नाही.

माझा प्रश्न इथे सुरू होतो. शरीर तसंच थरथरतंय, पाणी तसंच शिंपडलं जातंय, हे डोळ्यांनी दिसत असताना एखादी व्यक्ती 'हे आता ते राहिलं नाही' असं सांगते, तेव्हा कुणाचा शब्द धरायचा? मी तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलं. तिथे साम्य दिसलं की हात वर करायचा, हे अंगवळणी पडतं. त्या सवयीने पुष्कळ दिलंय. पण साम्य ओळखणं आणि 'म्हणजे तू आहेस तिथेच आहेस' असं एखाद्याला सांगणं यांत फरक आहे, आणि तो फरक सभ्यतेचा नाही, न्यायाचा आहे.

मराठीत याचं सर्वात मोठं उदाहरण केडगावचं आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 साली जे झालं त्याविषयी मराठी वाचकाला फार थोडं सांगितलं जातं. रमाबाई म्हटलं की विधवांचं शिक्षण, शारदा सदन, टिळकांशी वाद, आणि मग एकदम मृत्यू. मधली केडगावची वर्षं आपण पटकन ओलांडतो, बहुधा अवघडल्यामुळे. वेल्सच्या चर्चमधल्या जागृतीच्या बातम्या आल्यावर 1905च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुली मागितल्या. आधी सत्तर मुली पुढे आल्या, मग ती संख्या वाढत गेली. जूनच्या अखेरीस एका रात्री एका मुलीला आपल्या अंगाला आग लागल्यासारखं झालं. ती इतकी ओरडली की खोलीवरची बाई पाण्याची बादली घ्यायला धावली आणि ओतायच्या बेतात असताना तिच्या लक्षात आलं, आग दिसत नाहीये. त्यानंतर कित्येक आठवडे मुली रडत होत्या, थरथरत होत्या, पडत होत्या, सगळ्या एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या. पुढच्या वर्षी काही जणी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्या. मुक्ती सदनात काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी 1906मध्ये याविषयी पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वाल्पाराइसोला एका मिशनरी जोडप्याच्या हाती पडली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीचं ते एक निमित्त झालं. केडगावहून निघालेली ठिणगी चिलीपर्यंत गेली, दौंडपर्यंत मात्र तिची वार्ता नाही.

या मुली कोण होत्या? पुष्कळशा 1896-97च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या. म्हणजे ज्या घरांत म्हसोबाला नारळ होता, मरीआईचा गाडा होता, आणि आजीच्या नाहीतर मामीच्या अंगात येत होतं, अशा घरांतल्या. त्यांनी पदर सावरून बाकावर बसून गोऱ्या पद्धतीने हळू आवाजात प्रार्थना करावी अशी अपेक्षा असलेल्यांना हा प्रकार पाहवेना. हा जुना उन्माद आहे, बायकांचा वातप्रकोप आहे, अशी टीका झाली. रमाबाईंनी उत्तर दिलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या लोकांना त्यांच्या स्वभावाला मानवेल तसं रडू द्या, ओरडू द्या. पाश्चात्त्यांच्या रीतीचं शांत राहणं म्हणजेच पावित्र्य असं कुणी ठरवलं? याच रमाबाईंनी तरुणपणी इंग्लंडमध्ये, आपल्याला दिलेल्या क्रूसावर लॅटिन शब्द का म्हणून, संस्कृत का नको, असा वाद घातला होता. माणूस फार बदलत नाही.

पण त्याच वेळी रमाबाईंनी 'हे तेच आहे' हे कधीही मान्य केलं नसतं. त्यांच्या आईवडिलांनी तीर्थयात्रा, दानं, व्रतं, अनुष्ठानं यांत सगळं घातलं आणि दुष्काळात उपासमारीने प्राण सोडले. ज्या देवांना सगळं देऊन झालं आणि ज्यांनी काही दिलं नाही, त्यांच्याकडे पाठ फिरवण्याचा अधिकार त्या बाईने फार महाग विकत घेतला होता. तेव्हा 'घुमणं तेच, फक्त नाव येशूचं' असं म्हणणारा माणूस त्यांच्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या निर्णयाला निव्वळ लेबल बदलणं ठरवत असतो. शरीराला जी एकच भाषा येते ती ते बोलणार. दुष्काळातली मुलगी कोसळेल तर कोसळताना तिच्या आजीसारखीच कोसळेल. पण ती कुणापुढे कोसळली हे तिलाच माहीत असतं.

यात वर्गाचा भाग किती असतो ते पाहायला लखनौची गोष्ट सांगते. इ. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मेथॉडिस्ट 1907 साली लखनौला आले. काही वर्षांत त्यांची प्रकृती पार ढासळली, पुन्हा पुन्हा कोलमडू लागले. मग लखनौलाच एकदा प्रार्थनेत असताना त्यांना आतून आवाज आला, त्यांनी सगळं देवाच्या हवाली केलं, आणि ते बरे झाले. 'द क्राइस्ट ऑफ द इंडियन रोड' या 1925च्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. पुस्तक जगभर गाजलं आणि या प्रसंगाला सगळ्यांनी 'आध्यात्मिक अनुभव' म्हटलं. आज याच शहरात स्वयंपाकाची कामं करणारी बाई पत्र्याच्या खोलीत असाच आवाज ऐकून उठते आणि बरी झाले म्हणते, तेव्हा त्याला अंधश्रद्धा म्हणतात, किंवा आमिष, किंवा गुन्हा.

ती बाई मी मनची घेतलेली नाही. काही काळापूर्वी माझ्याकडे काही ध्वनिमुद्रित साक्षी हिंदीतून मराठीत आणण्याचं काम आलं. पेंटेकोस्टल प्रार्थनासभांत येणारे लोक उभं राहून आपलं काय झालं ते सांगतात, त्याला हिंदीत 'गवाही' म्हणतात. बरं होण्याला 'चंगाई'. एका गवाहीतले काही शब्द नीट लागेनात म्हणून मी त्या बाईंना एकदा भेटले. मूळच्या बाराबंकीकडच्या, इथे तीन घरी स्वयंपाक करतात. धाकटा मुलगा तापाने गेला, त्यानंतर त्यांना झटके येऊ लागले. जेठानीबरोबर त्या दर गुरुवारी एका सैयद बाबांच्या मजारीवर जात. तिथे हाजिरी होई. म्हणजे केस सुटत, डोकं गरगरा फिरे, अंगातलं बोलू लागे. हिंदू बायका सैयदाच्या मजारीवर घुमतात यात अवधमध्ये कुणाला काही विशेष वाटत नाही. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे आणि ज्येष्ठातल्या मंगळवारी अख्खं शहर रस्त्यावरच्या भंडाऱ्यांत पुरी-भाजी खातं. इथे माणसं आपापल्या देवाची असली तरी दुखण्यात कुणाच्याही दारी जातात. दोन वर्षं हाजिरी झाली. मग एका शेजारणीने रविवारच्या सभेला नेलं. तिथे ढोलक, डफली, टाळ्या, डोक्यावर हात, कपाळाला तेल. तिथेही त्या पडल्या.

मी विचारलं, मग फरक काय? प्रश्न आगाऊ होता, पण भाषांतरकाराला विचारावाच लागतो, कारण मला मराठीत शब्द निवडायचा होता. 'अंगात आलं' म्हणू की 'आत्मा उतरला' म्हणू? बाई म्हणाल्या, "वहाँ वह पटकती थी, यहाँ वह उठाता है."

मी घरी येऊन हे वाक्य कितीदा तरी ऐकलं. एरवीच्या हिंदीत आत्मा हा शब्द स्त्रीलिंगी आहे. पण हिंदी बायबलात पवित्र आत्मा 'आता है', 'उतरता है', पुल्लिंगी. आणि अशुद्ध आत्मा मात्र 'निकल जाती है', स्त्रीलिंगी. भाषांतरकारांनी तो फरक का केला असेल याचे तर्क करता येतील, आणि बाईचं भूत बाईच असणार या समजुतीकडे त्यांतले काही बोट दाखवतील. पण शाळेत न गेलेल्या त्या बाईंनी व्याकरणातली ती फट बरोबर धरली आणि आपल्या आयुष्याचे दोन भाग तिथे पाडले. आपटणारी ती, उचलणारा तो. मराठीत आत्मा कसाही असो, पुल्लिंगीच. म्हणजे जो फरक तिने एका प्रत्ययात ठेवला तो माझ्या भाषेत ठेवायला जागाच नाही.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी, मला वाटतं, नकळत एक मोठं शहाणपण केलंय. योरुबात सैतानासाठी शब्द हवा होता तेव्हा सॅम्युएल अजायी क्राउदर यांनी 'एशू' घेतला. क्राउदर स्वतः योरुबा. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले, ब्रिटिश आरमाराने सोडवले, 1864मध्ये बिशप झाले, आणि पूर्ण योरुबा बायबल 1884मध्ये तयार झालं त्यात सर्वात मोठा हात त्यांचा. पण एशू हा सैतान नव्हता. तो चव्हाट्यावरचा देव, खोडकर, कलागती लावणारा, देवांचे आणि माणसांचे निरोप नेणारा. पहिला नैवेद्य त्याचा. एका शब्दनिवडीने तो नरकाचा राजा झाला आणि ज्यांच्या घरी तो पुजला जात होता ते सगळे एका रात्रीत सैतानाचे पुजारी ठरले. घानातल्या एवे लोकांत जर्मन मिशनऱ्यांनी असंच केलं. बिर्गिट मेयर यांच्या 1999च्या पुस्तकाचं नावच 'सैतानाचं भाषांतर' आहे. त्यांचं म्हणणं असं की जुन्या देवांना सैतान ठरवल्याने ते मेले नाहीत, उलट नव्या धर्मात त्यांची कायमची सोय झाली. ज्याच्याशी रोज लढायचं तो रोज हजर हवा.

मराठीत मात्र सैतान हा शब्दच अरबी-फारसीतून आलेला. त्याला इथे देऊळ नव्हतं, जत्रा नव्हती, शेंदूर नव्हता. आणि भुतांना आपण आधीपासून भुतंच म्हणत होतो. त्यामुळे मराठी बायबलने म्हसोबाला किंवा वेताळाला नाव घेऊन नरकात धाडलं नाही. उपदेशकांनी धाडलं असेल, पुस्तकाने नाही. रमाबाईंनी शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं. त्यांनी हिंदू कर्मकांडाचा आणि तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द कटाक्षाने टाळले. त्यावर 'मराठी बेचव झाली' अशी तक्रार करता येते. पण टाळणं म्हणजे शिव्या देणं नव्हे. दुसऱ्याचा शब्द न वापरणं आणि दुसऱ्याचा शब्द घेऊन त्यात विष भरणं, यांत मी पहिलं कधीही पत्करेन.

कारण त्या बाईंच्या गवाहीत पुढे आणखी एक भाग आहे आणि तो मला बोचतो. सभेतल्या पास्टरने सांगितलं की सैयद म्हणजे शैतान आणि त्याच्या मजारीवरचा तबर्रुक घरात आला तर दुखणं परत येईल. बाईंनी जेठानीच्या घरचं खाणं सोडलं. मुलांना तिकडे जाऊ देईनात. बडा मंगलला भंडाऱ्याची पुरी पोरांच्या हातातून काढून घेतली. ज्या जेठानीने दोन वर्षं त्यांचा हात धरून मजारीवर नेलं, घुमताना डोकं आपटू नये म्हणून मांडी पुढे केली, ती आता सैतानाच्या घरची झाली.

माझ्या मते रेघ इथे पडते. माझ्या अंगात काय आलं याचं नाव ठेवायचा हक्क माझा. तिथे अभ्यासक, सरकार, घरचे, शेजारी कुणाचंही चालू नये. शेजारणीच्या अंगात काय येतं याचं नाव मात्र मी ठेवायचं नाही. आपटणारी 'ती' होती असं बाईंनी स्वतःच्या अनुभवाविषयी म्हटलं तेव्हा त्या पूर्ण खऱ्या होत्या. जेठानीचा बाबा शैतान आहे म्हटलं तेव्हा ती साक्ष राहिली नाही, ते दुसऱ्यावर ठेवलेलं कलम झालं. यावर पास्टर म्हणेल, पौलाच्या पत्रातच लिहिलंय की मूर्तींना जे अर्पण करतात ते भुतांना जातं, मी पदरचं काय सांगितलं? त्याचं खरं आहे, तिथे तसा अर्थ निघतो. पण त्याच पत्रात, कुणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते न विचारता खा, असाही सल्ला आहे. कोणतं वाक्य मोठ्याने वाचायचं हे पास्टर निवडतो, आणि निवडीला तोच जबाबदार.

शेजाऱ्याच्या अंगातल्याला नाव ठेवण्याची गोष्ट पुरीवर थांबत नाही. नायजेरियाच्या आक्वा इबोम राज्यात काही संदेष्टे लहान मुलांना चेटके ठरवू लागले. मुलं घराबाहेर काढली गेली, त्यांचे हाल झाले. 2008मध्ये त्या राज्याला असा आरोप करणं गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. आपल्याकडे सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईला डाकीण ठरवतात. तिथे चर्च लागत नाही, भगत पुरतो. 2013मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याची मला आवडणारी गोष्ट ही की तो कुणाच्या श्रद्धेचं नाव विचारत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारलं का, औषधापासून अडवलं का, दहशत घातली का, एवढंच विचारतो. भगत असो, मौलवी असो, पास्टर असो. क्षयाच्या गोळ्या बंद करायला सांगणारा पास्टर माझ्या लेखी अपराधी आहे, त्याची प्रार्थना कितीही खरी असली तरी.

उत्तर प्रदेशातला 2021चा धर्मांतरविरोधी कायदा वेगळं विचारतो. त्यात 'प्रलोभन' या शब्दाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी यांच्या रांगेत चांगलं राहणीमान आणि दैवी अवकृपाही बसवली आहे. 2024च्या दुरुस्तीनंतर कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली. आता बरं व्हावं म्हणून देवाकडे जाणं हे प्रलोभन असेल तर जेजुरीचे, तुळजापूरचे, देवा शरीफचे सगळे नवस काय आहेत? मूल होऊ दे, ताप उतरू दे, मग मी तुझी, असं म्हणतच माणसं देवाची होत आली आहेत. शुद्ध तात्त्विक पटण्यातून धर्म बदलणारे असतात, पण ते बहुतेक आत्मचरित्र लिहिणारे. स्वयंपाक करणारी बाई आधी बरी होते, मग तिला पटतं. तिच्या बरं होण्याला लाच म्हणणं हा पुन्हा तोच प्रकार: तुझ्या अंगात काय आलं ते आम्ही सांगतो.

जुना देव सोडण्याची आणखी एक रीत मराठी माणसाने पाहिली आहे. 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात बाबासाहेबांनी जी प्रतिज्ञा दिली तिच्यात ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही, पूजणार नाही, असं आहे. ते सैतान आहेत असं नाही. देव रिकामा केला, काळा केला नाही. रिकाम्या देवाची शेजाऱ्याला भीती नसते आणि स्वतःलाही नसते. मला ही रीत अधिक सुसंस्कृत वाटते. पण मग आज्यांच्या अंगात यायचं त्याचं काय झालं? दलित आत्मकथनांत त्या आज्या आहेत, आणि विहारात त्यांचं घुमणं थांबलं की घराच्या आतल्या खोलीत गेलं, याची उत्तरं घराघरांत वेगळी आहेत. आलादुरांनी आणि केडगावच्या मुलींनी थरथरणाऱ्या शरीराला नव्या घरात जागा दिली. बाबासाहेबांच्या वाटेने शरीर ताठ उभं राहायला शिकलं. दोन्हींची किंमत आहे. ती किंमत कुठे तरी बाईनेच मोजली आहे, हे मात्र दोन्हीकडे सारखं.

ना. वा. टिळकांनी 1917मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही येऊ शकत होते. अलाहाबादजवळ नैनीला 'येशू दरबार' भरतो. वाराणसीकडे बाप्तिस्मा न घेताच ख्रिस्ताला भजणारे स्वतःला 'ख्रीस्त भक्त' म्हणवतात. सैयदांच्या मजारीवर चालतो तोही दरबारच. हा शब्द कुणी कुणाकडून चोरला असं म्हणण्यात मला अर्थ दिसत नाही. दुखणाईत माणूस जिथे जातो आणि जिथे त्याचं ऐकून घेतलं जातं, त्या जागेला आपल्याकडे पूर्वापार दरबार म्हणतात.

गवाहीचं भाषांतर मी पुरं केलं. 'अंगात आलं' हे शब्द मजारीच्या भागात ठेवले, कारण बाईंनी तिथे 'आ गई' म्हटलं होतं. सभेच्या भागात 'उतरला' ठेवलं. त्या एका वाक्यात मात्र मराठीला थोडं वाकवून 'तिथे ती आपटायची, इथे तो उचलतो' असंच लिहिलं, ती कोण, तो कोण हे न सांगता. संपादकांनी 'शैतान' या शब्दावर हरकत घेतली. सैयदांना शैतान म्हणणारं वाक्य छापावं का, निदान तळटीप द्यावी का, असं त्यांनी विचारलं. मी शब्द बदलला नाही. तो बाईंचा आहे, माझ्या मताने तो गुळगुळीत करता येत नाही. तळटीपही दिली नाही. मात्र ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना एक गोष्ट सापडली. बाई चार वेळा शैतान म्हणतात. पण मुलाच्या तापाची रात्र सांगताना, जेठानीने मजारीवरचं पाणी आणून त्याच्या ओठांना लावलं ते सांगताना, त्या म्हणतात, "बाबा का पानी." पहिल्या मसुद्यात तिथे नुसतं 'पाणी' होतं. मी 'बाबांचं पाणी' केलं आणि पाठवून दिलं.